कबरीच्या दांडीवरची जागा

एका राज्यात पाखरं माणसांसारखी बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. तिथं चंडसेन राजा होता, भानुमती राणी होती, त्यांना तीन कन्या होत्या. एके दिवशी एक मांत्रिक महालाच्या दारी आसरा मागायला आला.

"परक्याला इथं जागा नाही," राजा म्हणाला.

मांत्रिकानं मूठभर राख फुंकली. तिन्ही कन्यांच्या जागी तीन तलंगा उभ्या राहिल्या, नुकती पिसं फुटलेल्या कोवळ्या कोंबड्या.

"तुझ्याच परसातल्या जुन्या कोंबड्या यांना आपखुशीनं निजायच्या दांडीवर जागा देतील, तेव्हा शाप सुटेल," मांत्रिक म्हणाला. "पण त्यांच्या चोचीनं यांचं रक्त सांडलं, तर शाप कायमचा." एवढं बोलून तो धूर होऊन गेला.

राणी रडत बसली नाही. तलंगांना ओच्यात घेऊन ती परसात गेली. तिथं तांबड्या तुऱ्याच्या कबरी कोंबडीचं राज्य होतं. तिच्याआधी कुणी दाणा टिपत नसे.

राणीनं हात जोडले. "कबरीबाई, माझ्या लेकींना तुमच्यात घ्या."

"राणीसाहेब, आमची उतरंड लागलेली आहे, कोण वर नि कोण खाली ते ठरलेलं आहे," कबरी म्हणाली. "आधी त्या आम्हाला लांबून नुसत्या दिसू देत. मग आमच्यात जेवू देत. दांडीचं मग बघू."

राणीनं स्वतः बांबूची जाळी विणली आणि अंगण मधोमध दुभागलं. जुन्या कोंबड्या जाळीवर धावून आल्या. त्यांनी चोची आपटल्या, शिव्या दिल्या. होता होता शिव्या देऊन त्याच कंटाळल्या.

मग राणीनं जाळी काढली. कणी एका जागी न टाकता चारी कोपऱ्यांत फेकली, म्हणजे एकीला हुसकलं तरी तिला दुसरीकडे खाता यावं. तरीही कबरी धाकट्या शेवंतीवर झेपावली. राणीनं मध्ये हात घातला. चोच तळहातात रुतली. रक्त आलं, पण ते राणीचं.

मागं उभ्या असलेल्या राजानं तलवार उपसली.

"म्यान करा," राणी म्हणाली. "हिला मारलंत, तर जागा कोण देईल?"

कबरीनं चोच मागं घेतली. "तुमचा हात मध्ये येईल तोवर हे भांडण मिटायचं नाही, राणीसाहेब. उतरंड आमची आम्हाला लावू द्या."

राणीला सगळ्यांत कठीण गेलं ते हेच. ती परसाच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. आत पिसं उडाली, पाठलाग झाले. तलंगा वाट सोडायला शिकल्या, मान लववायला शिकल्या. रक्त काही सांडलं नाही.

सूर्य कलला. कोंबड्या खुराड्यातल्या दांडीवर चढल्या. थोरल्या दोघी टोकाला जाऊन बसल्या, कुणी हटकलं नाही. शेवंती उडाली आणि घसरून पडली. राणीच्या मुठी आवळल्या, पण पाऊल पुढं पडलं नाही. शेवंती पुन्हा उडाली, ती नेमकी कबरीच्या शेजारी. कबरीनं चोच उगारली. शेवंतीनं मान खाली घातली, पण ती उतरली नाही.

"अंग चोरून बस," कबरी म्हणाली आणि वीतभर सरकली.

दांडी कडाडून मोडली. तिन्ही राजकन्या पेंढ्यात पडल्या होत्या आणि भोवती कोंबड्यांचा एकच कलकलाट चालला होता. राणी धावत आत गेली आणि तिघींना तिनं एकदमच कवेत घेतलं.

राजा खुराड्याच्या दारात वाकला. "कबरीबाई, काय हवं ते मागा."

"दांडी," कबरी म्हणाली. "आत्ताच. आमची निजायची वेळ झाली."

राजानं दांडी ठोकली, राणीनं धरली, आणि अंधार पडायच्या आत त्या राज्यात ज्याची त्याची जागा ज्याला त्याला मिळाली.