दवंडीवाल्याचा शब्द

फार पूर्वीची गोष्ट म्हणतात, पण मला काही ती इतकी जुनी वाटत नाही. एका नदीकाठच्या गावात एक दवंडीवाला होता. त्याच्या घराण्याची एक रीत होती. दवंडी संपली की तो हलगीवर शेवटची थाप मारी आणि म्हणे, "ऐकलेलं सांगतोय." गोष्ट स्वतः जाऊन बघितली असेल, तरच म्हणे, "पाहिलेलं सांगतोय." ऐकलेल्यावर लोक मान डोलावत आणि आपापल्या कामाला लागत. पाहिलेल्यावर मात्र हातातले काम टाकून उठत. मागे पूर आला तेव्हा सगळे गाव त्याच्या या दोन शब्दांवर टेकडीवर चढले होते आणि वाचले होते.

एका वर्षी गावात उलट्या-जुलाबांची साथ आली. राजाने वरच्या माळावर छावणी उभारली आणि शिपाई आजारी माणसांना उचलून तिकडे नेऊ लागले. भेटायला जायची बंदी होती. एका कुंभारणीच्या नवऱ्यालाही नेले. ती दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची खबर विचारी. अशा पुष्कळ जणी दारात उभ्या होत्या.

तेव्हा प्रधानाने दवंडीवाल्याला बोलावून घेतले.

"छावणीतली माणसं बरी होताहेत, औषधपाणी वेळेवर मिळतंय, असं सांग. आणि पाहिलेलं म्हणून सांग."

"पण सरकार, मी छावणी पाहिलेली नाही."

"तुला आत सोडणार कोण? लोक घाबरलेत, त्यांना धीर द्यायचाय. धीर देणं म्हणजे काय खोटं बोलणं झालं?"

दवंडीवाला वाईट माणूस नव्हता. प्रधानाचे म्हणणे त्याला पटले, किंवा पटले अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आपल्यातले बरेच जण हेच करतात. त्याने आळीआळीतून हलगी वाजवली आणि प्रधानाने सांगितले तसे, पाहिलेले म्हणून सांगितले.

कुंभारीण त्याच सकाळी भाकरी बांधून माळाकडे निघाली होती. शिपायांनी हाकलले असते, तरी ती कुंपणापाशी बसून राहिली असती. वाटेत दवंडी ऐकली आणि ती घरी परतली. नवरा त्या दुपारी गेला. पाणी पाजायलाही जवळ कुणी नव्हते. तिला ते कळले तिसऱ्या दिवशी, छावणीत लाकडे पोचवणाऱ्या गाडीवानाकडून.

हळूहळू घरोघरी असेच कळत गेले. दवंडी मात्र रोज फिरत होती. आज घरात कडुनिंबाचा धूर करा, उद्या धूर मुळीच करू नका, आणि सगळे पाहिलेलेच. हलगी ऐकू आली की लोक दारे लावून घेऊ लागले. त्यांना दोष कसा द्यायचा?

गावात एक म्हातारी वैदीण होती. राजवाड्याने तिला काही विचारले नव्हते. तिने एके दिवशी दवंडीवाल्याचा हात धरला आणि त्याला कुंभारआळीतल्या विहिरीपाशी नेले. छावणीची सगळी घाण माळावरून ओघळून त्या विहिरीत झिरपत होती. "कोण हे पाणी उकळून पितं, कोण कच्चं, ती घरं आता मोज," ती म्हणाली. दवंडीवाला चार दिवस घरोघर हिंडला. पाणी उकळून पिणाऱ्या घरांत एकही आजारी नव्हता. कच्चे पिणाऱ्यांत एकही घर सुटले नव्हते.

त्याने हलगी गळ्यात अडकवली आणि पाणी उकळून प्या म्हणून तो घसा बसेपर्यंत ओरडला. एकही दार उघडले नाही. शेवटी तो कुंभारणीच्या अंगणात गेला. तिची सहा वर्षांची मुलगी पाणी मागत होती आणि आई माठातून तांब्या भरत होती.

"वहिनी, ते पाणी पोरीला देऊ नका. आधी उकळा. या वेळी खरंच पाहिलंय मी."

"त्या वेळी नव्हतं पाहिलं?"

दवंडीवाल्याने मान खाली घातली. "नव्हतं. माझ्याकडनं वदवून घेतलं."

"मग आजही कुणी वदवून घेत असेल." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमचं ऐकून मी घरी बसले, भावजी. तुमचं ऐकून धूर केला, तर पोरीचे डोळे सुजले. आता नाही ऐकायचं मी."

तो तांब्या घ्यायला पुढे झाला, पण तिने मुलीला जवळ ओढले आणि तांब्या तिच्या ओठाला लावला. पोर घटाघटा पाणी प्यायली.

चौथ्या दिवशी पोर गेली. आळीतली आणखी किती गेली, ते सांगवत नाही. राजवाड्याच्या दप्तरात लिहिले गेले की लोक अडाणी होते, चांगले सांगितलेले त्यांनी ऐकले नाही.

नदीकाठी मुलीला माती दिल्यावर बाकीचे परतले. दवंडीवाला लांब उभा होता. कुंभारणीने त्याला हाताने जवळ बोलावले.

"त्या दिवशी तुम्ही खरं बोलत होतात ना, भावजी?"

"हो, वहिनी."

"मग आधी खोटं कशाला बोललात? मी उकळलं असतं हो पाणी. तुमच्या एका शब्दावर उकळलं असतं."

तात्पर्य एवढेच: लोक घाबरू नयेत म्हणून ज्यांनी त्यांना खोटे सांगितले, त्यांनी खऱ्यावर विश्वास ठेवायची लोकांची ताकदही काढून घेतली. त्यांनी मग मेलेल्यांना अडाणी म्हणू नये.