काजळीची माघार

डोंगरमाथ्यावरच्या अभयारण्यात मोटारींचा रस्ता नुकताच झाला होता, त्या काळात तिथे काजळी नावाची एक गव्याची मादी राहत होती. एका सकाळी ती कड्याजवळच्या कुरणात चरत होती आणि तिचं कोवळं पिल्लू थोडं पुढे बागडत होतं.

तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. वाटाड्या नको नको म्हणत असतानाच शिरीष आणि त्याची बायको मेधा खाली उतरली. मेधा थेट पिल्लाशेजारी जाऊन उभी राहिली.

"दोघंही नीट येऊ देत गं," म्हणत शिरीष कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकू लागला. त्याच्या पाठीशी कडा होता.

काजळीचं रक्त उसळलं. झाडावरून शेकरू ओरडलं, "बघतेस काय? घे शिंगांवर!"

काजळीने खूर आपटला, पण ती जागची हलली नाही.

"मी धावले, तर तो आणखी मागे जाईल आणि जिवाला मुकेल," ती म्हणाली. तिने पिल्लाला हळूच हाक घातली. पिल्लू उधळत आईकडे निघालं. त्याचा धक्का लागून मेधा किंचाळली, तसा शिरीष कड्यापासून तिच्याकडे धावला.

काजळी पिल्लाला घेऊन झाडीत शिरली.

"घाबरट निघाली!" मागे शिरीष हसत म्हणाला.

"ऐकलंस?" शेकरूने विचारलं.

"ऐकलं," काजळी म्हणाली. पिल्लू तिला लुचत होतं.

त्या दिवसापासून तिचा कळप डोंगराच्या पलीकडच्या उतारावर चरू लागला. गाड्या अजूनही त्या कुरणापाशी थांबतात. माणसं दरी बघतात, धुकं बघतात, आणि इथे गवे का दिसत नाहीत, असं वाटाड्याला विचारतात.