घमेल्यातलं प्लास्टर

"अण्णा, आज साचा मी एकट्याने घेऊ?"

मकरंद मुंबईहून मूर्तिकला शिकून आला होता. भैरू अण्णांच्या कारखान्यात त्याला तीन वर्षं झाली होती, पण अण्णांनी एकही साचा त्याच्या हाती सोडला नव्हता.

समोर सुईण चंद्राक्काचा शाडूचा अर्धपुतळा होता. तिच्या हातावर जन्मलेल्या गावकऱ्यांनी तो करायला सांगितला होता. माती कानाजवळ तडकू लागली होती. साचा आजच घ्यायला हवा होता.

"घे," अण्णा म्हणाले.

मकरंदने घमेल्यात पाणी घेतलं, प्लास्टर भुरभुरलं, हाताने कालवलं.

"हे काय आहे रे?" अण्णांनी विचारलं.

मकरंद हसला. "जिप्सम. खारी तळी आटली की तळाशी थर बसतात, त्याचा हा दगड. इतका मऊ, की नखानेही ओरखडा उठतो."

"आणखी?"

"त्याच्या पोटात पाणी असतं. भाजलं की ते उडून जातं आणि पूड होते. पूड भिजवली की पाणी परत घेते, पुन्हा दगड."

"उपयोग?"

मकरंदने हात पुसले. मोडलेली हाडं, घरांची छतं, फळ्यावरचे खडू, सिमेंट, खारवट शेतं... तो सांगत राहिला. अण्णा मान हलवत राहिले.

मग अण्णा उठले. घमेलं उचललं आणि मकरंदच्या डोक्यावर उपडं केलं.

मकरंदने डोळे गच्च मिटले.

...

काहीच पडलं नाही.

त्याने घमेल्याला हात लावला. ते गरम होतं. आतलं प्लास्टर घट्ट बसलं होतं.

"मला थांबवलं का नाहीत, अण्णा?"

"चुकीचं काही सांगत नव्हतास."

मकरंदचे कान लाल झाले. कोपऱ्यात अर्धं पोतं उरलं होतं, एका साच्यापुरतं. दुसरं घमेलं घेऊन त्याने पुन्हा कालवलं. या वेळी हात बाहेर काढला नाही.

"जिप्सम कुठलं चांगलं रे?" अण्णांनी विचारलं.

मकरंदची नजर घमेल्यातच होती. प्लास्टर बोटांना जरा जड लागलं, तसा मकरंदने पहिला हबका चंद्राक्काच्या कपाळावर मारला. मग गालांवर, मग तडकलेल्या कानावर.

अण्णांनी कोनाड्यातली टोपी घेतली, चपला पायात सरकवल्या.

"किल्ली खिळ्याला आहे," ते म्हणाले. "मी घरी जातो."