वळणावरची चकती

अवजारं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या गॅरेजात शाळेच्या जीपच्या ब्रेकची लोखंडी चकती उतरवून ठेवली होती. तिच्या अंगावर चरे पडले होते आणि ब्रेक दाबला की सगळी जीप थरथरायची.

“लेथमावशी, मागच्यासारखं अंग घासून दे ना,” चकती लाडात येऊन म्हणाली. “लख्ख झाले की निघते पोरांना घेऊन.”

लोखंड तासून गुळगुळीत करणाऱ्या लेथमावशीने तिची कड चाचपली आणि धार मागे घेतली. “बाई गं, दर वेळी चरे गेले, पण त्यांच्याबरोबर तूही थोडी थोडी गेलीस. आता घासलं तर लखलखशील, पण उतारावर तापून तडकशील.”

“मग मी भंगारात जाऊ?”

“जीपमध्ये पोरं असतात, बाळ.”

चकतीने एकदा जीपकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “नवी बसवा. पण तिला सांगा, शाळेच्या वळणावर पोरं न बघता धावतात.”

मेकॅनिक यासीनभाईंनी तिला उचललं, तेव्हा पान्याचा धक्का लागून ती घणघणली. यासीनभाई थबकले. “एवढा गोड आवाज भंगारात कोण टाकतंय!” असं म्हणून त्यांनी ती शाळेलाच देऊन टाकली.

आता ती वळणावरच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेली असते. सुटीचा टोल पडला की घाटातून येणारी जीप लांबूनच हळू होते आणि पोरं रस्ता ओलांडेपर्यंत थांबते.

नव्या चकतीला वाटतं, जीप आपण एकटीनेच थांबवली. जुनी तिला तसं वाटू देते.