तळहातावरचं ऊन

"लेन्सची चूक नाही म्हणता, कॅमेऱ्याची नाही म्हणता, उजेडाचीही नाही. मग अण्णा, चूक आहे तरी कोणाची?"

विद्याधर नाडगौडाचा आवाज जरा चढलाच होता. अण्णा सोनटक्के बशीत चहा ओतत होते. त्यांनी आधी बशी संपवली, धोतराच्या सोग्याला ओठ पुसले.

"चूक आहे असं मी कुठं म्हटलं?"

"फोटो मेलेत म्हणालात ना."

"ते तू म्हणालास."

खरंच होतं ते. तोच म्हणाला होता. अण्णांनी नुसती मान हलवली होती, आणि तेच त्याला लागलं होतं.

आता हे अण्णा कोण, ते सांगायला हवं. साताऱ्यात कोणाही हौशी छायाचित्रकाराला विचारा, कॅमेरा धरायला कोणी शिकवलं? उत्तर एकच येईल. अण्णांनी स्वतः कॅमेरा खाली ठेवून बरीच वर्षं झाली. माहुलीच्या घाटाला लागून त्यांचं घर आहे, बसकंच, पण ओसरी ऐसपैस. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मंडळी तिथं आपापले फोटो घेऊन जमतात. फोनवरचा फोटो अण्णा बघत नाहीत. कागदावर आणा म्हणतात. आणि कागद हातात आला की पहिल्यांदा तो उलटा धरतात, देवळाचा कळस खाली, पायऱ्या वर.

त्यांच्या तरुणपणीच्या मोठ्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर सगळं जग उलटंच दिसायचं. ती सवय राहिली. उलट्या फोटोत देऊळ भुलवत नाही, माणूस भुलवत नाही, उजेड तेवढा उरतो, असं त्यांचं म्हणणं.

नवीन माणूस हसतो. जुने हसत नाहीत. अण्णा कागद सुलट करेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

विद्याधर या जुन्यांतला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत वरचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, साठी ओलांडलेला, पण अण्णांसमोर पोरगाच. त्याला स्वतःच्या कामाचा ताठा होता, आणि तो उगाच नव्हता. घाटावरचं धुकं, नदीतला बगळा, दीपमाळेवरची उन्हाची तिरीप असं त्यानं काही काढलं की बाकीचे आपले फोटो पिशवीतून बाहेर काढायला कचरायचे.

पण गेली दोन वर्षं काहीतरी बिनसलं होतं. तोच घाट, तीच वेळ, तोच माणूस. फोटो यायचे काटेकोर, रेषा न् रेषा स्पष्ट, आणि बघणारा म्हणायचा, "छान आहे." पुढं काही नाही.

त्यानं कॅमेरा बदलला. मग लेन्स बदलली. मग आणखी एक घेतली.

"मी सांगतो ना," सलीम मुल्ला म्हणाला. त्याचं पोवई नाक्यावर चष्म्याचं दुकान, त्यामुळं काच म्हटली की शेवटचा शब्द आपला, अशी त्याची समजूत. "नाडगौडासाहेब, ही झूम टाका पेटीत. साधी पन्नास एमएमची लेन्स लावा. माझ्या पन्नासमधून घासलेलं पातेलंसुद्धा राणीसारखं दिसतं."

"तुझ्या पातेल्याला बक्षीस मिळालं की सांग."

"नाही मिळणार. पण बघितल्यावर भूक लागते. तुमच्या बगळ्याकडं बघून काय होतं?"

विद्याधरला ते झोंबलं. कॅमेरेवाल्या मंडळींचं हे असंच असतं. बायकोला नावं ठेवलीत तर एकवेळ चालेल, लेन्सला ठेवू नका. तो म्हणाला, "उजेडाचा आलेख दाखवू? कुठं करपलेलं नाही, कुठं काळवंडलेलं नाही. कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजतो आता."

"मोजतो," अण्णा म्हणाले. "जुने आणलेत का?"

आणले होते. पिशवीच्या तळाशी, वेगळ्या पाकिटात. का आणले होते ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं पाकीट पुढं केलं.

अण्णांनी एक जुना आणि एक नवा फोटो शेजारी शेजारी मांडले, दोन्ही उलटे. दोन्हीत दीपमाळच होती, मार्गशीर्षातल्याच सकाळची. जुन्यातलं ऊन दगडावर येऊन बसलं होतं. नव्यातलं नुसतं पडलं होतं.

मुल्लानं मान वाकडी करून बघितलं आणि चहाचा कप उचलून बाजूला झाला.

"हा कसा काढला होतास?" अण्णांनी जुन्यावर बोट ठेवलं.

"जसा हा काढला तसाच."

"सांगू नकोस. काढून दाखव. ती काय समोर दीपमाळ. जुन्या पद्धतीनं काढ."

विद्याधरला जरा अपमानच वाटला. बक्षिसं मिळवलेल्या माणसाला क ख ग गिरवायला लावायचं म्हणजे काय. पण अण्णांपुढं नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं कॅमेरा काढला, ओसरीच्या पायरीवर एक गुडघा टेकवला, स्वयंचलित मोजमाप बंद केलं, डोळा लावला. दीपमाळ नेमकी चौकटीत आली. बोटं आपोआप उजेडाच्या चाकावर गेली.

आणि डोळा न काढता तो म्हणाला,

"हात पुढं कर गं. जरा उन्हात..."

त्याच्या डाव्या अंगाला मुल्ला उभा होता, चहाचा कप घेऊन. त्याचा हात अर्धा पुढं आला, आणि तो 'गं' कानात शिरल्यावर तसाच मागं गेला.

घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं.

विद्याधर कॅमेऱ्यामागून चेहरा काढेना...

"अण्णा, मी येतो," मुल्ला हलकेच म्हणाला. "दुकान उघडायचंय." रविवारी त्याचं दुकान बंद असतं. पायरी उतरताना त्यानं विद्याधरच्या खांद्यावर नुसता हात टेकवला आणि गेला.

"रोहिणी?" अण्णांनी विचारलं.

विद्याधरनं मान हलवली.

रोहिणी त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तळहातावरून उजेड मोजायचा, हे तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "हात उन्हात धरा, त्यावरचा उजेड घ्या, एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवा, फोटो बरोबर येतो. आता हे कोणी करत नाही."

"मी म्हटलं होतं, स्वतःचा हात धर."

"माझे दोन्ही कॅमेऱ्यात गुंतलेले. ती असायचीच बरोबर. थर्मास घेऊन." तो थांबला. "कुठंही गेलो तरी पहिली फ्रेम तिच्या हाताची. ती बघायची, उजेड ठरवायचा, मग खरा फोटो."

"खरा फोटो," अण्णा म्हणाले.

"आम्ही तसंच म्हणतो, अण्णा. हाताचा तो टेस्ट शॉट. घरी आलं की पहिल्यांदा तेच पुसायचे. मेमरी कार्डात जागा हवी ना."

अण्णांनी बशी बाजूला सरकवली.

"तिला मेंदीची हौस होती. मी वैतागायचो. मेंदीच्या हातावर उजेड चुकतो म्हणायचो. मग तिनं डाव्या हातावर काढणंच सोडलं. आमच्या मेघनाचं लग्न झालं, मुलीचं लग्न, अण्णा, तेव्हासुद्धा एकाच हातावर मेंदी. बायका विचारायच्या, अहो हा हात कोरा का? ती म्हणायची, हा ह्यांच्या कामाचा आहे." त्यानं कॅमेरा मांडीवर ठेवला. "आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. शिकली म्हटलं आता."

"तिचा फोटो आहे ना घरात?"

"आहे की. लग्नाच्या अल्बममधला, मोठा करून घेतलेला. त्यात ती मला ओळखतसुद्धा नाही अजून, अशी बघते. नातेवाइकांच्या फोनमध्ये आहे. पंगतीत, घास तोंडात, डोळे मिटलेली. मी काढलेला..."

त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला, सोडला.

"मी काढलेला एक नाही. कपाटं भरलीत, अण्णा. बगळ्याचं पीस न् पीस आहे. दरवर्षी येणारा तो एक खंड्या, त्याची पिल्लं आहेत. अन् ती नाही. कधी बोललीच तर म्हणायची, माझा एक काढा की. मी म्हणायचो, ऊन जाईल, आधी हे होऊ दे. ऊन काय, रोजच जायचं."

घाटावरचं धुणं संपलं. बाई पिळे खांद्यावर टाकून निघून गेली.

"ती गेल्यावर जुनी कार्डं धुंडाळली. पुसलेले फोटो परत आणायचं तंत्र असतं, ते शिकलो. रात्रंदिवस तोच उद्योग. एकदा अर्धी चौकट उघडली. वर करड्या पट्ट्या, आणि खाली..." त्यानं स्वतःची करंगळी दाखवली. "एवढंसं काहीतरी. बोट असेल. दगडही असेल. ते मी अजून ठेवलंय."

मग तो एकदम लहान पोरासारखा म्हणाला, "मला लेन्स नकोच होती, अण्णा. मला ती हवी आहे."

अण्णांनी त्याची समजूत काढली नाही. तसं करायची त्यांना सवयच नाही. त्यांनी जुन्या फोटोंचं पाकीट उचललं, एकेक कागद काढून ओसरीवर मांडायला सुरुवात केली. आता सुलटे.

धुक्यातला घाट ठेवला.

"हा कोणाच्या हातावरून?"

"तिच्या."

पाण्यात पाय सोडून बसलेला साधू ठेवला.

"हा?"

"तिच्याच."

पंख पसरलेला बगळा. ज्याला राज्यात पहिलं बक्षीस मिळालं, तो.

"आणि हा?"

विद्याधर त्या बगळ्याकडं बघत राहिला. ती सकाळ त्याला लख्ख आठवली. कडाक्याची थंडी होती. ती म्हणाली होती, हात गारठलाय हो, लवकर. तो म्हणाला होता, हलू नकोस. बगळा उडाला, फोटो मिळाला, आणि आनंदाच्या भरात त्याला तिचा हात उन्हातच राहिलाय हे कळलंच नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं होतं, आता खाली घेऊ का?

"तिच्या," तो म्हणाला.

अण्णा मांडत राहिले. ओसरी भरत आली. तो प्रत्येक वेळी तेच सांगत राहिला, हळूहळू न विचारताच. दगडावर, पाण्यावर, पिसांवर, अनोळखी माणसांच्या गालांवर तेच ऊन होतं. एवढी वर्षं तो हे फोटो लोकांना दाखवत आला होता, आणि आज आपणच पहिल्यांदा बघतोय असं त्याला वाटलं. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं आवरलं नाही.

शेवटी अण्णांनी आज आणलेला नवा फोटो उचलला.

"हा?"

"हा... कॅमेऱ्यानंच मोजला."

अण्णांनी तो मांडला नाही. बाजूला ठेवला, चहाच्या बशीखाली.

ऊन ओसरीच्या कडेवरून आत सरकत होतं. आणखी थोड्या वेळात दीपमाळेवरचं जाणार, हे विद्याधरला न बघताही कळत होतं. नेहमी या वेळी त्याची तगमग व्हायची. आज त्यानं घाई केली नाही.

"पण आता काय करू?" त्यानं विचारलं. "हे फोटो संपले. पुढचं ऊन मी कशावर मोजू?"

अण्णा भिंतीला धरून उठले. पायरीपर्यंत आले. त्याचा डावा हात मनगटाशी धरला आणि, लहान मुलाचा हात नळाखाली धरावा तसा, उन्हात नेला. मग मनगट सोडून दिलं.

हात तिथंच राहिला.

विद्याधरनं उजव्या हातानं कॅमेरा उचलला. डोळा लावला. चौकटभर स्वतःचा तळहात. धरणावर, कालव्यांवर उन्हातान्हात हिंडलेला, रापलेला, भेगाळलेला. आजवर हा हात त्यानं असा कधी बघितलाच नव्हता. त्यानं आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि सवयीनं चाक फिरवायला गेला... थांबला.

"अण्णा, माझा हात तिच्याहून काळा आहे."

"हं."

"उजेडात फरक पडेल. कायमचाच."

अण्णा दीपमाळेकडं बघत होते.

"पडू दे," ते म्हणाले. "तेवढा तिचा."