झुपकीच्या फटफटीची टोपी

एक होती खार. तिचं नाव झुपकी.
झुपकी एवढीशी. शेपूट एवढं मोठं!
तिची होती एक लाल फटफटी.

झुपकीच्या दादाला पिल्लू झालं. आज त्याचं बारसं.
बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या!
बाळाची आत्या कोण? झुपकी!
आत्या नाही, तर नाव नाही.
दादाचं घर टेकडीपलीकडे. बारसं बारा वाजता.

झुपकीनं किक मारली. खाट्!
फट्... फुस्स. फट्... फुस्स.
डावीकडून फट्. उजवीकडून फुस्स.
अर्धी फटफटी टेकडी चढेल का? छे!

फटफटीला दोन प्लग. दोन प्लगांना दोन टोप्या.
टोपीतून वीज येते. चट्! ठिणगी पडते. फट्! गाडी पळते.
झुपकीनं डावी टोपी उजवीकडे लावली. उजवी टोपी डावीकडे लावली.
किक मारली. खाट्!
आता डावीकडून फुस्स. उजवीकडून फट्!
"अस्सं! जिथं ही टोपी, तिथं फुस्स. प्लग चांगला. टोपीच वाईट."
झुपकीनं टोपी नीट पाहिली. टोपीला बारीकशी चीर!
ठिणगी तिथूनच पळून जात होती.

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
रेडेकाकांच्या दुकानात गेली.
"काका काका, टोपी द्या.
टोपी नाही, ठिणगी नाही.
ठिणगी नाही, फटफटी नाही.
फटफटी नाही, तर बारशाला जाऊ कशी?"
रेडेकाका बसल्या बसल्या म्हणाले, "पेट्रोल संपलं असेल."
"टाकी भरलीय, काका."
"तुला काय कळतं? टोपीचा डबा वरच्या फळीवर आहे. आधी बगळेमामांनी डबा काढावा. मगच मी टोपी देईन."

तुरुतुरु तुरुतुरु.
बगळेमामा एका पायावर उभे होते.
"मामा मामा, डबा काढा.
डबा नाही, टोपी नाही.
टोपी नाही, ठिणगी नाही.
ठिणगी नाही, फटफटी नाही.
फटफटी नाही, तर बारशाला जाऊ कशी?"
बगळेमामा म्हणाले, "चाकात हवा नसेल."
"चाकं टणक आहेत, मामा."
"उलट बोलू नये. माझे गुडघे धरलेत. आधी घोरपडआजींनी तेल द्यावं. मगच मी डबा काढीन."

तुरुतुरु तुरुतुरु.
घोरपडआजी उन्हात पसरल्या होत्या.
"आजी आजी, तेल द्या.
तेल नाही, डबा नाही.
डबा नाही, टोपी नाही.
टोपी नाही, ठिणगी नाही.
ठिणगी नाही, फटफटी नाही.
फटफटी नाही, तर बारशाला जाऊ कशी?"
घोरपडआजी म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल. मिरच्या ओवाळ."
"मिरच्यांनी ठिणगी पडत नाही, आजी."
"फार शिकलीस हो! बाटलीचं बूच घट्ट बसलंय. आधी खेकडेतात्यांनी बूच काढावं. मगच मी तेल देईन."

तुरुतुरु तुरुतुरु.
खेकडेतात्या जांभया देत होते. आऽऽ!
"तात्या तात्या, बूच काढा.
बूच नाही, तेल नाही.
तेल नाही, डबा नाही.
डबा नाही, टोपी नाही.
टोपी नाही, ठिणगी नाही.
ठिणगी नाही, फटफटी नाही.
फटफटी नाही, तर बारशाला जाऊ कशी?"
खेकडेतात्या म्हणाले, "आमच्या वेळी नव्हत्या फटफट्या. आम्ही चालत जायचो."
"तात्या, तुम्ही तर आडवे चालता! पोचायचात कधी?"
"हूं! चहाशिवाय मी नांगी हलवत नाही. आधी कोंबडीकाकूंनी चहा करावा. मगच मी बूच काढीन."

तुरुतुरु तुरुतुरु.
कोंबडीकाकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.
"काकू काकू, चहा करा.
चहा नाही, बूच नाही.
बूच नाही, तेल नाही.
तेल नाही, डबा नाही.
डबा नाही, टोपी नाही.
टोपी नाही, ठिणगी नाही.
ठिणगी नाही, फटफटी नाही.
फटफटी नाही, तर बारशाला जाऊ कशी?"
कोंबडीकाकू म्हणाल्या, "मी नाही चहा करत. मी रुसलेय."
"का बरं?"
"बारशाचं बोलावणं सगळ्यांना आलं. मला नाही आलं! आधी बारशातल्या मोठ्या माणसानं मला बोलवावं. मगच मी चूल पेटवीन."
"बारशातलं मोठं माणूस कोण, काकू?"
"एवढंही कळत नाही? बारशात पहिला मान कुणाचा?"
"आत्याचा."
"मग जा! घेऊन ये त्या आत्याला!"
"आलीच आहे."
"कुठाय?"
"ही काय! मीच आत्या."
काकू गर्रकन वळल्या. वर पाहिलं. खाली पाहिलं.
"तू? अगं, तू तर एवढीशी!"
"एवढीशीच. पण आत्या! काकू, बारशाला या हं."
"अगंबाई! मग आधी नाही का सांगायचं?"
"तुम्ही आधी नाही का विचारायचं?"

काकूंनी चहा केला. खळ खळ खळ!
तात्यांनी चहा प्यायला. फुर्र फुर्र! बूच काढलं. पॉक!
आजींनी तेल दिलं. ठिब ठिब!
मामांनी गुडघे चोळले. कट कट! डबा काढला. धप्प!
काकांनी डबा उघडला. अन् टोपी दिली!
काका म्हणाले, "थांब, मीच बसवतो. तू लहान आहेस."
"तुम्ही बसा, काका. बसायची सवय आहे तुम्हाला."

झुपकीनं जुनी टोपी काढली. वायरचं जळकं टोक कुरतडलं. कुरुकुरु!
नवी टोपी वायरवर फिरवली. गर गर गर!
प्लगवर दाबली. टक्!
किक मारली. खाट्!
फट् फट्! फट् फट्! फट् फट्!
डावीकडून फट्. उजवीकडूनही फट्!

सगळी मोठी मंडळी गोळा झाली.
"मी म्हटलंच होतं, टोपी गेलीय," रेडेकाका म्हणाले.
"मी तर आधीच म्हटलं होतं," बगळेमामा म्हणाले.
"मी सगळ्यात आधी!" घोरपडआजी म्हणाल्या.
खेकडेतात्या म्हणाले, "ते जाऊ दे. पुढच्या सीटवर मी."
"वा! मोठा मी. पुढे मी!" रेडेकाका म्हणाले.
"माझी मान सगळ्यांत उंच!"
"माझं वय सगळ्यांत जास्त!"
झुपकी म्हणाली, "कोण पुढे ते ठरवा. मग चालत या."
कोंबडीकाकू मात्र टुणकन उडी मारून मागे बसल्या.
फट् फट्! फट् फट्!
फटफटी टेकडी चढली. फटफटी टेकडी उतरली.
घड्याळात वाजले बारा. टण टण टण!

पाळण्यात पिल्लू. एवढंसं पिल्लू, एवढंसं शेपूट.
झुपकी वाकली. पिल्लाच्या कानाशी गेली.
"कुर्र्र्र... तुझं नाव भिंगरी!"
पोरांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. धप धप धप!
आत्या हसली. भिंगरीही हसली.
पहिल्या मूठभर घुगऱ्या कुणाला? झुपकीआत्याला!

दुपार झाली. मोठी मंडळी चालत चालत दारात आली.
"आधी तुम्ही आत चला."
"छे छे, आधी तुम्ही!"
"मी कशी? आधी तुम्ही!"
अजून दारातच आहेत.
घुगऱ्या संपल्या. पाळणा निजला. आता तुम्हीही निजा.