घाटातलं मागचं इंजिन

नाशिकला छोट्या आगगाड्यांच्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष मिरीकरसाहेबांनी विलायती इंजिन मागवलं आणि फर्मान काढलं, "उद्यापासून मंडळाच्या रुळांवर घरी बनवलेली इंजिनं बंद!"

सुलभाताई टिल्लूंनी कानशीने घासून घासून घडवलेलं आपलं पत्र्याचं इंजिन पिशवीत घातलं.

तेवढ्यात साहेबांची लांबलचक गाडी मंडळाने उभारलेल्या छोट्या कसारा घाटाच्या चढावर अडली. चाकं जागीच फिरू लागली. ताईंनी पिशवीतलं इंजिन काढून गाडीला मागून लावलं. गाडी माथ्यावर पोचली.

"पाहिलंत? पुढे माझंच इंजिन होतं!" साहेब गरजले.

ताई आपलं इंजिन सोडवत म्हणाल्या, "खरंय साहेब. माथ्यावर मागच्याला सोडूनच देतात. म्हणून तर पुढच्याला वाटतं, घाट आपण एकट्यानेच चढलो."

त्या पिशवी उघडू लागल्या, तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "राहू द्या ते रुळावरच."